शेपूट गेलं कुठे? मॅन्क्स मांजराची दोनशे वर्षांची गोष्ट

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'अॅक्च्युअली' कमी केलेत.

आजचा विषय एक मांजर आहे. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर मांजर कशाला? थोडं थांबा. या मांजराच्या गोष्टीत एक बेट आहे, डार्विन आहे, उंदरांच्या शेपट्या छाटणारा एक जर्मन प्राध्यापक आहे, पॅरिसमध्ये राहणारी एक रशियन शास्त्रज्ञ आहे आणि शेवटी एक प्रश्न आहे. तो प्रश्न इन्स्टावर गोंडस पिल्लाचं रील बघून "मला पण हवं" असं म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

नाण्यावरचं मांजर

1970 साली आइल ऑफ मॅनच्या सरकारने एक क्राउन नाणं काढलं. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला मांजर. सिंह नाही, गरुड नाही, घरातलं साधं मांजर. फक्त त्याला शेपूट नाही.

हे बेट आहे आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधल्या समुद्रात. क्षेत्रफळ साधारण 572 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा किंचित लहान. लोकसंख्या मात्र 84 हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी! तरीही यांची स्वतःची संसद आहे, टिनवॉल्ड नावाची, आणि ती हजार वर्षांहून जुनी असल्याचा त्यांना अभिमान आहे. हे बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असलं तरी युनायटेड किंगडमचा भाग नाही. बाइकवेड्या मंडळींना ते 1907 पासून चालत आलेल्या टीटी रेसमुळे माहीत असेल. बी जीज बँडचे तिघे भाऊ इथेच जन्मले.

इथल्या लोकांना, भाषेला आणि मांजराला एकच विशेषण लागतं: मॅन्क्स. मॅन्क्स भाषा ही आयरिशची चुलत बहीण. ती लहानपणापासून बोलत आलेले शेवटचे गृहस्थ, नेड मॅड्रेल, 1974 साली गेले. त्यानंतर बेटावरच्या लोकांनी ती पुन्हा शिकून, शाळेत शिकवून परत उभी केली. या भाषेत बिनशेपटीच्या मांजराला 'स्टबिन' असा स्वतंत्र शब्द आहे. एखाद्या गोष्टीला भाषेत वेगळा शब्द असतो तेव्हा ती गोष्ट लोकांच्या रोजच्या बघण्यातली असते, हे लक्षात ठेवा.

बेट महत्त्वाचं का? कारण बेटावर बाहेरून मांजरं फार येत नाहीत. मुंबईत एखाद्या मांजराला विचित्र शेपूट घेऊन पिल्लू झालं, तर ते वैशिष्ट्य लाखो मांजरांत विरून जाईल. छोट्या बेटावर मोजकीच मांजरं असतात. त्यांच्यात एखादा बदल झाला की तो पुढच्या पिढ्यांमध्ये पटकन पसरतो आणि दिसत राहतो. मॅन बेटावर नेमकं हेच झालं असं मानतात.

चार दंतकथा

आता जनुक-बिनुक कोणाला माहीत नव्हतं तेव्हा लोकांनी शेपटीचं काय स्पष्टीकरण दिलं ते बघू. माणसाला 'का?' विचारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि उत्तर नसेल तर तो गोष्ट रचतो.

पहिली गोष्ट नोहाच्या तारवाची. महापूर आलाय, सगळे प्राणी तारवात चढलेत आणि मांजर शेवटच्या क्षणी पोचतं. नोहा दार लावतो आणि शेपूट दारात अडकून तुटतं. लोकलच्या दारात ओढणी अडकण्यासारखा प्रकार.

दुसरी गोष्ट स्पॅनिश आर्माडाची. 1588 साली स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं आणि वादळात त्याची वाताहत झाली. त्यातलं एक जहाज बेटाच्या दक्षिण टोकाला फुटलं आणि जहाजावरची बिनशेपटीची मांजरं पोहत किनाऱ्याला लागली, असं सांगतात. त्या टोकाचं नावच 'स्पॅनिश हेड' आहे, त्यामुळे गोष्ट पटकन पटते. अडचण एवढीच की आर्माडाचं जहाज तिथे फुटल्याचा पुरावा नाही, आणि स्पेनमध्ये अशा मांजरांची जात असल्याचंही कुठे आढळत नाही.

तिसरी गोष्ट क्रूर आहे. आक्रमण करणारे योद्धे शिरस्त्राणावर तुरा म्हणून खोवायला मांजरांच्या शेपट्या कापून न्यायचे. म्हणून मांजरींनी आपली पिल्लं वाचवायला जन्मतःच त्यांच्या शेपट्या चावून तोडायला सुरुवात केली, आणि हळूहळू पिल्लं बिनशेपटीचीच जन्मू लागली.

चौथी गोष्ट सगळ्यात गमतीची: मांजर आणि सशाचा संकर! मॅन्क्स मांजराचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात, ढुंगण वर उचललेलं असतं आणि काही मांजरं पळताना उड्या मारल्यासारखी पळतात. त्यामुळे ससा आठवतोच. ही नुसती गावगप्पा नव्हती. जोसेफ ट्रेन नावाच्या लेखकाने 1845 साली या बेटाचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यात हे मांजर सशापासूनच झालं असावं असं मत गंभीरपणे मांडलं. मांजर आणि ससा यांचा संकर होऊच शकत नाही. पण तेव्हा सुशिक्षित माणसालाही ते पटत होतं.

या चारपैकी तिसरी गोष्ट ध्यानात ठेवा, शेपटी चावून तोडण्याची. विज्ञानाच्या इतिहासातला एक मोठा वाद तिच्यात लपलाय. तिकडे येतोच.

बोट, चित्रकार आणि प्रदर्शन

ही मांजरं बेटाबाहेर पोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. प्रसिद्ध इंग्रज चित्रकार टर्नर याच्याकडे 1810 च्या सुमारास मॅन बेटावरची सात मांजरं होती, असं त्याने स्वतः सांगितल्याची आठवण नोंदलेली आहे. 1830 मध्ये बेटाची स्टीम पॅकेट कंपनी सुरू झाली आणि वाफेच्या बोटी नियमित ये-जा करू लागल्या. इंग्लंडच्या कापड गिरण्यांतले कामगार सुट्टीत इथे यायला लागले. म्हणजे गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या बोटींसारखंच, फक्त हे लोक गावी नाही, फिरायला जात होते. परत जाताना आठवण म्हणून काय न्यायचं? बिनशेपटीचं मांजर!

1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर नावाच्या चित्रकाराने मोठं मांजर-प्रदर्शन भरवलं. आजच्या 'कॅट शो'ची सुरुवात तिथून धरतात. सुरुवातीच्या प्रदर्शनांपासून मॅन्क्स मांजरं त्यात दिसत राहिली, आणि वीअरच्या 1889 च्या मांजरांवरच्या पुस्तकातही त्यांना जागा मिळाली. 1903 मध्ये या जातीचं लेखी मानक, म्हणजे 'आदर्श मॅन्क्स कसं असावं' याचे निकष आले.

इथे एक बदल घडला, तो समजून घ्या. तोवर बेटावर काही मांजरांना शेपूट होतं, काहींना अर्धं, काहींना नव्हतं. कोणी काही ठरवत नव्हतं. निकष आल्यावर माणसाने ठरवलं की शेपूट अजिबात नसलेलं मांजर सर्वात भारी. मांजर पाळणारे लोक शेपटीवरून चार प्रकार सांगतात. 'रम्पी' म्हणजे शेपूट शून्य. पाठीच्या शेवटी बोट ठेवलं तर चक्क खळगा लागतो. 'रम्पी रायझर' म्हणजे कुरवाळल्यावर हाताला लागेल एवढा छोटा उंचवटा. 'स्टम्पी' म्हणजे आखूड थोटूक. आणि 'लॉन्गी' म्हणजे जवळपास पूर्ण शेपूट. हे चारही प्रकार एकाच आईच्या एकाच खेपेत जन्मू शकतात! सख्खी भावंडं. पण प्रदर्शनात बक्षीस मिळायचं ते रम्पीला.

डार्विनच्या हातात आकडे होते

1868 साली डार्विनचं पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवरचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात तो एका डॉ. विल्सनांची नोंद देतो. मॅन्क्स बोका आणि साध्या मांजरी यांची 23 पिल्लं झाली, त्यातली 17 बिनशेपटीची. उलट, मॅन्क्स मांजरी आणि साधे बोके यांच्या पिल्लांना शेपट्या होत्या, पण बहुतेक आखूड, अर्धवट.

23 पैकी 17. हा आकडा बघून आज बारावीचा मुलगाही म्हणेल, "अरे, हे प्रभावी जनुक दिसतंय." डार्विनला मात्र ते म्हणता आलं नाही, कारण आनुवंशिकतेचे नियम त्याच्याकडे नव्हते. ते नियम दोन वर्षं आधी, 1866 मध्येच छापून आले होते. मेंडेल नावाच्या एका मठवासी पाद्रीने वाटाण्यांवर प्रयोग करून ते शोधले होते. पण त्या लेखाकडे फार कोणी पाहिलंच नाही. 1900 साली तो पुन्हा उजेडात आला. मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. बगचा लॉग एकाकडे, त्याचं उत्तर दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये, आणि दोघांची मीटिंगच झालेली नाही.

शेपट्या छाटणारा प्राध्यापक

आता त्या तिसऱ्या दंतकथेकडे. आई-बापांची शेपटी तुटली तर पिल्लं बिनशेपटीची होतील का? एकोणिसाव्या शतकात हा थट्टेचा विषय नव्हता. आयुष्यात कमावलेला किंवा गमावलेला गुण पुढच्या पिढीत उतरतो, असं बरेच शास्त्रज्ञ मानत. 1887 साली जर्मनीत वीसबाडेनला शास्त्रज्ञांचं संमेलन भरलं होतं. तिथे कोणीतरी बिनशेपटीची मांजरं आणून दाखवली. दावा असा की यांच्या आईची शेपटी अपघातात तुटली होती, म्हणून ही अशी जन्मली.

फ्रायबुर्गचे प्राध्यापक आउगुस्ट वाइझमान यांना हे पटेना. त्यांनी पांढरे उंदीर घेतले, त्यांच्या शेपट्या छाटल्या आणि त्यांची पिल्लं होऊ दिली. पिल्लांच्याही शेपट्या छाटल्या. पुन्हा पिल्लं. अशा पाच पिढ्या, एकूण 901 पिल्लं. एकही पिल्लू बिनशेपटीचं जन्मलं नाही.

आपल्याला लहानपणी सांगितलेली सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आठवते? मुलं चिडवतात म्हणून तो रोज एक शेपटी कापून येतो. वाइझमाननी जणू त्या गोष्टीचा पुढचा भाग लिहिला: त्या उंदराने कितीही शेपट्या कापून घेतल्या असत्या, तरी त्याच्या पोरांना शेपट्या आल्याच असत्या. खरं तर याचा पुरावा आपल्या घराघरात होता. पिढ्यानपिढ्या आपण तान्ह्या बाळांचे कान टोचतोय, आजवर एक तरी बाळ टोचलेले कान घेऊन जन्मलंय का?

पण मग ती बिनशेपटीची पिल्लं येतात कुठून? वाइझमाननी त्याचाही माग काढला. ब्लॅक फॉरेस्टमधल्या वाल्डकिर्ख गावात शेपटीवाल्या मांजरीला आखूड शेपटीची पिल्लं झाल्याचं त्यांच्या कानावर आलं. आईला शेपूट होतं, बाप अज्ञात. चौकशी केल्यावर कळलं, गावातल्या पाद्रीबुवांची बायको इंग्रज होती, आणि तिच्याकडे पूर्वी एक मॅन्क्स बोका होता. केस क्लोज! बोक्याने गावात काय उद्योग केले ते पिल्लांनी उघड केलं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की एवढा मोठा सिद्धान्त एका भटक्या बोक्याच्या चौकशीपर्यंत खाली आला. शरीराला काय झालं ते वारशात जात नाही. वारशात जे लिहिलंय तेच जातं. दंतकथेतल्या त्या मांजरींनी हजार वर्षं शेपट्या चावल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

एक अक्षर गाळलं की

मग वारशात नेमकं काय लिहिलं होतं? याचं उत्तर उंदरातून आलं. 1927 साली नादेझ्दा दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया या शास्त्रज्ञ बाईंनी आखूड शेपटीच्या उंदरांची एक जात नोंदवली. क्रांतीनंतर रशिया सोडून त्या पॅरिसला आल्या होत्या आणि तिथल्या रेडियम संस्थेत काम करत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की हा आखूडपणा एकाच जनुकामुळे येतो. त्या जनुकाला 'टी' म्हणू लागले, आणि 'ब्रॅक्युरी'ही. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच आखूड शेपूट. 1990 मध्ये हे जनुक प्रत्यक्ष वेगळं करून वाचता आलं. आणि 2013 मध्ये मॅन्क्स मांजरांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं: त्यांच्यातही बिघाड याच जनुकात आहे.

बिघाड म्हणजे किती मोठा? चार वेगवेगळे बदल सापडले, आणि त्यातल्या तीनमध्ये डीएनएचं फक्त एक अक्षर गळालेलं आहे. एक! डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. मधलं एक अक्षर गळालं की पुढचे सगळे गट सरकतात आणि मजकूर निरर्थक होतो. ज्यांनी एका स्वल्पविरामापायी रात्री दोनला सर्व्हर पडलेला पाहिलाय, त्यांना जास्त समजवायला नको. एकाच बदलाऐवजी चार सापडले, याचा अर्थ शेपूट जाण्याची ही घटना एकदाच घडली नसावी.

हे जनुक करतं काय? गर्भात मणका पुढून मागे, डोक्याकडून शेपटीकडे बांधला जातो, आणि त्या बांधकामाला लागणारं एक प्रथिन हे जनुक बनवतं. प्रत्येक मांजरात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मॅन्क्समध्ये एक प्रत चांगली, एक बिघडलेली. म्हणजे माल अर्धाच. गवंडी बांधत जातात आणि शेवटच्या टप्प्याला सिमेंट कमी पडतं. शेवटचा टप्पा म्हणजे शेपूट. कधी काम शेपटीच्या मधे थांबतं, कधी सुरुवातीलाच, आणि कधी त्याच्याही आधी. गोष्ट इथे गंभीर होते.

गोंडसपणाची किंमत

दोन बिनशेपटीची मांजरं एकत्र आली तर काय होईल, साधं गणित करू. चार शक्यता. एकात दोन्ही प्रती चांगल्या: शेपटीवालं पिल्लू. दोनमध्ये एक चांगली, एक बिघडलेली: मॅन्क्स. आणि चौथ्यात दोन्ही बिघडलेल्या. तो गर्भ जन्मालाच येत नाही, आईच्या पोटातच मरतो. म्हणून अशा जोड्यांना पिल्लं कमी होतात. आणि म्हणूनच 'शुद्ध' बिनशेपटीचं घराणं कधीच तयार होऊ शकत नाही. प्रत्येक रम्पीच्या अंगात शेपटीची एक चांगली प्रत असतेच, नाहीतर तो जगलाच नसता. माणसाने निकष लिहिताना जे 'परिपूर्ण' ठरवलं, ते पूर्णपणे मिळालं की जीवच राहत नाही!

जगलेल्या पिल्लांपैकीही काहींना त्रास होतो. बांधकाम शेपटीच्या अलीकडेच अडखळलं तर कण्याचे शेवटचे मणके आणि त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंवर परिणाम होतो. लघवी, शौच आणि मागच्या पायांचं काम याच मज्जातंतूंवर चालतं. याला 'मॅन्क्स सिंड्रोम' म्हणतात. लघवी-शौचावर ताबा न राहणं, सतत बद्धकोष्ठ, मूत्राशयाचे संसर्ग, मागचे पाय अधू. मणक्याचं हाड नीट न मिटणं, म्हणजे माणसांच्या बाळांमध्ये आपण ज्याला स्पायना बायफिडा म्हणतो, तेही यात येतं. गंमत म्हणून दाखवली जाणारी सशासारखी उडी काही पिल्लांत याच आजाराचं लक्षण असते. "किती क्यूट" म्हणून जी उडी आपण शेअर करतो, ती कदाचित त्याला दुसरं चालताच येत नाही म्हणून असते.

प्रजनन करणाऱ्या जबाबदार लोकांनी यावर एक रीत बसवली: बिनशेपटीच्या मांजराची जोडी शेपटीवाल्या मॅन्क्सशी लावायची. मग दोन्ही प्रती बिघडलेला गर्भ तयार होत नाही. ज्या लॉन्गींना प्रदर्शनात किंमत नव्हती, त्यांच्याच आधारावर ही जात टिकली. पण एक बिघडलेली प्रत असलेल्या पिल्लांना त्रास होण्याचा धोका तरीही उरतोच.

बेटाच्या सरकारने 1960 च्या दशकात या मांजरांचं सरकारी संगोपन केंद्र चालवलं. राजधानी डग्लसमधल्या नोबल्स पार्कमध्ये ते बरीच वर्षं होतं, पर्यटक बघायला यायचे. 1990 च्या दशकात ते बंद पडलं. नाण्यांवर मात्र मांजर राहिलं. 1988 पासून तर दरवर्षी मांजरांच्या नाण्यांची मालिकाच निघू लागली. एका बाजूला बेटाची अस्मिता, दुसऱ्या बाजूला जर्मनीसारखा देश, जिथल्या प्राणीकल्याण कायद्यात पिल्लांना वेदना किंवा व्यंग येईल अशा प्रजननाला बंदी आहे, आणि जिथल्या तज्ज्ञांच्या 1999 च्या अहवालात मॅन्क्सचंही नाव आलं.

तुलनेसाठी जपानचं बॉबटेल मांजर बघा. त्याचं शेपूट सशासारखं गोंड्याचं. दिसायला मॅन्क्सचाच भाऊ वाटेल, पण कारण वेगळ्याच जनुकात आहे, हे 2016 मध्ये समोर आलं. तिथे दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी पिल्लं जगतात आणि धडधाकट असतात. दिसायला सारखं म्हणजे आतून सारखं नाही.

ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी

जे मांजर जन्मलंय त्याला इतिहासाशी देणंघेणं नाही, त्याला नीट सांभाळलं जाणं महत्त्वाचं. म्हणून हा भाग.

मॅन्क्स मांजर स्वभावाने माणसाळू असतं. गोल डोकं, गोल छाती, आखूड पाठ, दाट दुहेरी केस. शेपूट नसल्याने तोल जातो का? जन्मापासून शेपूट नसल्यामुळे त्याचं शरीर तसंच शिकतं, आणि लांब मागच्या पायांमुळे उडी चांगली असते. बेटावर ही मांजरं उंदीर पकडण्यात पटाईत म्हणून शेतांवर पाळली जायची. लांब केसांच्या मॅन्क्सला 'किम्रिक' म्हणतात. हे नाव वेल्स देशाच्या वेल्श नावावरून घेतलंय, जरी त्या मांजराचा वेल्सशी काही संबंध नाही!

पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत घाई करू नका. सिंड्रोमची लक्षणं बहुतेकदा तोवर दिसून येतात. ते कसं चालतं बघा, मागचे पाय एकाआड एक टाकतं की दोन्ही जोडून उडी मारतं. मातीच्या ट्रेमध्ये रोज शौच होतेय का, लघवी ठिबकते का, मागची बाजू सतत ओली किंवा घाण राहते का. यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्याकडे जा, एक्स-रे काढायला लावा. दोन दिवस शौच झाली नाही तर घरगुती उपाय करत बसू नका. पाठीचा शेवट नाजूक असतो. तिथे थापटू नका, दाबू नका, आणि लहान मुलांना आवर्जून सांगा. थोटूक असलेल्या काही मांजरांना मोठेपणी तिथे संधिवात होतो, हात लावला की ओरडतात. तेही डॉक्टरांना दाखवा.

वजन वाढू देऊ नका, आधीच आखूड असलेल्या पाठीवर भार येतो. भरपूर पाणी प्यायला लावा. ओलं खाणं दिलं की पाणीही पोटात जातं. मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही, त्यामुळे "मांजर आहे, दूध द्या" हे सोडून द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दाट केसांच्या मांजराला सावली, पंखा आणि गार फरशी लागतेच. आणखी एक: शेपूट नसल्याने त्याचा मूड शेपटीवरून कळत नाही. कान, डोळे, मिशा बघायला शिका.

आणि ज्यांना हवंय त्यांच्यासाठी. ऑनलाइन जाहिरातीत 'मॅन्क्स' दिसलं तर आई-बाप दोघंही बघायला मागा, दोघंही बिनशेपटीचे असतील तर मागे फिरा. शेपूट कापून 'जातिवंत' बनवलेलं मांजर असेल, तर आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याचा अवयव असा छाटणं गुन्हा आहे. वाइझमाननी उंदरांवर जे सिद्ध केलं ते आठवा: कापलेल्या शेपटीने जात बदलत नाही, फक्त एका जिवाला दुखतं.

कोको नावाची गोरिला आठवते? हातवाऱ्यांची भाषा शिकलेली. 1984 साली तिला वाढदिवसाला पिल्लांमधून एक निवडायला सांगितलं. तिने करड्या रंगाचं बिनशेपटीचं पिल्लू उचललं आणि त्याला 'ऑल बॉल' म्हटलं, म्हणजे नुसता चेंडू! डिसेंबरमध्ये ते गाडीखाली गेलं आणि कोकोने केलेला शोक जगभर पोचला. कोकोला निकष माहीत नव्हते, नाणी माहीत नव्हती. तिला ते गोल, मऊ पिल्लू आवडलं एवढंच. आवडणं स्वाभाविक आहे, आपल्यालाही आवडतं.

फरक एवढाच की आपल्याला आता पुढचं माहीत आहे. मॅन बेटावर ती चूक निसर्गात झाली आणि बेटाने ती सांभाळून घेतली. नंतर आपण तिच्यासाठी बक्षीस ठेवलं. माझं मत विचाराल तर, आहेत त्या मॅन्क्सवर जीव लावावा, पण नवीन पिल्लांची मागणी आपण तयार करू नये. तुमच्या सोसायटीच्या जिन्याखाली चार पिल्लं नक्की असतील, लांब शेपटीची, फुकट, आणि कोणाच्याही नाण्यावर नसलेली. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, आणि घरात मांजर असलेल्या एका तरी मित्राला हा एपिसोड पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर मांजरांना त्रास देऊ नका, ती तुम्हाला देतीलच.